दुरुस्तीला गेलेली गाडी

लालबागच्या मासळीबाजारात धोंडू परब शिरला की कोळणी एकमेकींना डोळ्यांनी खुणावत. कल्ले उचलून पाहिल्याशिवाय, पोट दाबल्याशिवाय आणि दोनदा वास घेतल्याशिवाय हा गृहस्थ साधा बांगडा पिशवीत टाकत नसे. त्यातली तुळसा तर तोंडावरच म्हणायची, "बांगडा घेतोस की पोरीला नवरा बघतोस रे?" बाकीच्या हसायच्या. धोंडू हसत नसे, कारण तुळसा आपल्याला हसवून खालचा शिळा मासा गळ्यात मारणार, हे त्यानं आधीच ओळखलेलं असे.

खोलीचं कुलूप तो ओढून बघे आणि जिना उतरल्यावर परत चढून पुन्हा ओढे. परळच्या डॉक्टरनं एकदा त्याला तपासून "काही नाही, सगळं ठीक आहे" म्हटलं, तर एवढं गोड का बोलला म्हणून याचं दोन दिवस जेवणावरून मन उडालं. शेजाऱ्यानं स्तुती केली की त्याचा हात आधी खिशाकडे जाई. त्याची बायको रखमा चाळीच्या गॅलरीत बसून बायकांना सांगे, "ह्यांका देव पावलो तरी विचारतले, तुका ह्यात काय गावतला?"

पण हा माणूस आईच्या पोटातून असा आला नव्हता. संपाआधीचा धोंडू गिरणीच्या साचेखात्यात कापड विणायचा, आणि कुणावरही विश्वास टाकायचा. मुकादमावर, युनियनवर, दारावर येणाऱ्या कुडमुड्या जोशावरसुद्धा. दसऱ्याला आपल्या साच्यांना, म्हणजे मागांना, तो झेंडूचे हार घाली, नारळ फोडी आणि लोखंडी चौकटीवर कुंकवाची बोटं ओढी. ती बोटं पुसली जाऊ नयेत म्हणून वर्षभर त्या जागी तेलाचं फडकं लागू देत नसे.

मग संप झाला. संपाच्या दुसऱ्या वर्षी एका सकाळी गेटातून ट्रक बाहेर पडायला लागले. वर ताडपत्री, आत साचे. गेटाबाहेर बसलेली माणसं उठून उभी राहिली, तेव्हा मिलचा एक साहेब स्वतः पुढे आला आणि हात जोडून, हसून म्हणाला, "दुरुस्तीला चाललेत. संप मिटला की गिरणी नव्या दमानं सुरू." झालं! उपाशीपोटी बसलेल्या त्या माणसांना आनंदच झाला. यंत्रं दुरुस्त करतायत म्हणजे गिरणी सुरू करायचा विचार आहे, एवढा सरळ हिशेब त्यांनी केला. धोंडूनं तर पुढे होऊन लोकांना बाजूला सारलं आणि ट्रक वळायला रस्ता करून दिला. एका ट्रकाच्या ताडपत्रीचं टोक वाऱ्यानं उडालं आणि त्याखाली त्याला आपलीच कुंकवाची बोटं दिसली. त्यानं चालत्या ट्रकाला नमस्कार केला.

ते साचे परत आले नाहीत. पुढे कधीतरी एकानं भिवंडीच्या एका गाळ्यात कुंकू लावलेला साचा चालताना पाहिला म्हणे. मालकांनी गिरणगावाच्या तोंडाला पानं पुसली ती अशी, हात जोडून आणि गोड बोलून. समोरच्या चाळीतली माणसंही तशीच. इमारत दुरुस्त करायची म्हणून त्यांना संक्रमण शिबिरात नेलं, तिथं त्यांची पोरं मोठी झाली, लग्नं झाली, आणि इमारतीच्या जागी अजून कुंपणच होतं. त्यामुळे आपल्या वस्तूला कुणी दुरुस्तीला नेतो म्हटलं की इथला माणूस ती घट्ट धरून ठेवतो. धोंडू जरा जास्त घट्ट धरायचा, इतकंच.

संपानंतर त्यानं भाजी विकली, एका गोदामावर पहारा केला आणि शेवटी शामरावांकडे टेकला. शामराव मूळचे गिरणीतलेच कारकून. त्यांनी परळच्या मागच्या गल्लीत एक आवार भाड्यानं घेऊन कोकणात जाणाऱ्या बस सुरू केल्या होत्या. त्यांच्याकडे गाड्या धुणं, टपावर सामान चढवणं, टायर-दिवे बघणं हे काम धोंडूकडे आलं, आणि जो माणूस प्रत्येक नट पुन्हा पुन्हा पिळून बघतो तो अशा कामाला सोन्यासारखा. नवी पांढरी गाडी आली तेव्हा तिच्या मागच्या चाकाच्या पलीकडे एक जादा दार होतं आणि त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग'. त्या वर्षी दसऱ्याला धोंडूनं पुष्कळ वर्षांनी हार आणला आणि त्या दाराशेजारी कुंकवाची बोटं ओढली. डबा घेऊन आलेल्या रखमानं ते पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला.

संपाला दहा-बारा वर्षं झाली तेव्हा धोंडूच्या नलूचं लग्न कुडाळकडच्या मुलाशी ठरलं. लग्न मुलाच्या गावी. शामरावांनी सगळ्यांच्या देखत शब्द दिला, "धोंडू, पांढरी गाडी तुझी. अख्खी चाळ ने." धोंडूला आयुष्यात एवढा मान कुणी दिला नव्हता. त्यानं चाळीच्या प्रत्येक दारात जाऊन निमंत्रण दिलं आणि प्रत्येक दारात गाडीचा रंग सांगितला.

आणि लग्न पंधरवड्यावर आलं असताना हेरंब साने नावाचा एक तरुण इंजिनीयर आवारात आला. गिरगावातला, गोरागोमटा, इस्त्रीचा शर्ट. ज्या कारखान्यानं त्या पांढऱ्या गाडीची बॉडी बांधली होती, त्या पुण्याजवळच्या कारखान्यात तो कामाला होता. त्यानं शामरावांना सांगितलं की तशाच घडणीची एक गाडी घाटात कलंडली, तेव्हा तिचं संकटकाळचं दार उघडलं नाही. काचा फोडून लोकांना बाहेर काढावं लागलं. माणसं वाचली ती नशिबानं. म्हणून कारखान्यानं त्या घडणीच्या सगळ्या गाड्या परत मागवल्या आहेत.

"आठवडाभरात दुरुस्त करून देतो. एक पैसा घेणार नाही," हेरंब म्हणाला.

दुरुस्ती! आणि तीही फुकट! टायर पुसत बसलेल्या धोंडूचा हात थांबला. तो उठला, गाडीत चढला, त्या दाराचा दांडा फिरवला आणि दार सताड उघडून बाहेर डोकावला.

"उघडतंय की ओ, साहेब."

"रिकाम्या गाडीत उघडतं, काका. गाडी भरली की मागचा भाग खाली बसतो, चौकट वाकते आणि दार तिच्यात आवळलं जातं."

"म्हणजे तुम्ही बघता तेव्हा उघडतंय, आणि नाय उघडत तेव्हा बघायला कोण नाय. झकास आहे!"

हेरंब हसला. त्यानं हसायला नको होतं. मिलचा तो साहेबही हसलाच होता.

त्या दिवसापासून धोंडूला सगळीकडे पाणी मुरताना दिसायला लागलं. शामराव एवढ्या लगेच कबूल कसे झाले? फोनवर बोलताना त्यांनी केबिनचं दार का लोटलं? आणि तो सफारीतला माणूस कोण, जो गाडीकडे न बघता आवाराच्या भिंतीकडे बघत फिरत होता? धोंडूनं दोन आणि दोन जोडले. गाड्या एकदा दुरुस्तीच्या नावानं बाहेर काढायच्या, आवार रिकामं करायचं आणि जागा बिल्डरच्या घशात घालायची. गिरणीचं झालं, तेच इथं. खरं सांगायचं तर तो सफारीवाला बिल्डरचाच माणूस निघाला, आणि पुढे काही वर्षांनी ते आवार गेलंही. पण त्याचा या दाराशी काडीचा संबंध नव्हता. संशयी माणसाचं हेच वाईट असतं, मधूनमधून त्याचं खरं ठरतं.

धोंडूनं गाडीतच मुक्काम टाकला. सतरंजी आणली, पाण्याची कळशी आणली. हेरंब एकदा दाराची मापं घ्यायला आला तर यानं त्याला पायरीवरही चढू दिलं नाही. "हात लावायचा नाय साहेब. लांबून बघा, फुकट आहे." ड्रायव्हर शिवालासुद्धा तो आपल्या देखतच गाडीत बसू देई. रखमा डबा घेऊन आली ती तणतणत.

"चेडवाचा लगीन तोंडार इला, नि तुमी गाडीक राखणेक बसलास?"

"ही गाडी गेली तर व्हराड कसा जातला?" धोंडू म्हणाला. "आणि गेली ती परत येवची नाय. माका म्हायती आसा."

रखमानं डबा ठेवला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत गेली. पण चाळीत जाऊन तिनं हेच सांगितलं, आणि चाळीला ते लगेच पटलं. त्या चाळीत दुरुस्तीवर विश्वास ठेवणारा माणूस उरलाच नव्हता.

गाडी न्यायच्या सकाळी शामरावांनी शिवाला गाडी सुरू करायला सांगितलं, तर धोंडू आवाराच्या फाटकात जुना टायर टाकून त्यावर बसला. गेटावर बसायची सवय होतीच, ती काही मोडली नव्हती. बातमी लागायला कितीसा वेळ? चाळीतून माणसं आली, बायका आल्या, आणि संपातल्या घोषणा कुणीच विसरलेलं नव्हतं. शामराव कपाळाला हात लावून उभे राहिले.

"धोंडू, अरे तुझ्याच पोरीची माणसं जायचीत ना यातून? दार अडकलं तर?"

"दार अडकतंय हे दाखवा, शेठ. मी आत्ता उठतो."

हेरंबचा इस्त्रीचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. पण मुलगा जिद्दीचा. तो पुढे आला आणि म्हणाला, "काका, घोडामैदान जवळच आहे. माणसं जमलीच आहेत. भरा गाडी, आणि तुमच्या हातानं दार उघडा. उघडलं तर मी रिकाम्या हातानं परत जातो."

धोंडू याचीच वाट बघत होता. आता हा इस्त्रीवाला सगळ्यांसमोर उघडा पडणार! त्यानं हाका मारून मारून चाळ गाडीत भरली. म्हातारे पुढे, बायका मध्ये, उभ्यानं जातील तेवढे पुरुष मधल्या वाटेत. लग्नासाठी आणलेली तांदळाची पोती, नारळ, नलूची ट्रंक, सगळं त्यानं टपावर चढवलं, नेहमीसारखं मागच्या बाजूला रचून. गाडी अंगावर ओझं घेऊन कुरकुरली. हसणं-खिदळणं चाललं होतं. वऱ्हाडाची रंगीत तालीमच ती! नलू केळवणात आलेली नवी साडी नेसून मागच्या बाकावर, त्या दाराला टेकून बसली होती. रखमा तिच्या शेजारी.

पुढचं दार लावलं. धोंडू गर्दीतून वाट काढत मागे आला. त्यानं खिडकीतून खाली उभ्या असलेल्या हेरंबकडे एकदा बघून घेतलं आणि दांडा फिरवला.

दांडा अर्धा फिरला आणि थांबला.

त्यानं पुन्हा फिरवला. मग दोन्ही हातांनी. दार हललं नाही. कुणीतरी मागून म्हणालं, "धोंड्या, भात खाल्लास नाय काय?" आणि गाडी हसली. धोंडूनं खांदा लावला. शिवा मदतीला आला, त्यानंही खांदा लावला. पत्रा वाजला, पण दार होतं तिथंच. हळूहळू हसणं थांबलं. माणसं एकमेकांच्या अंगावर दाटली होती आणि आत ऊन तापलं होतं. कुणाचं तरी लहान मूल रडायला लागलं.

धोंडूच्या मनात पहिल्यांदा जे यायचं तेच आलं, यानं काहीतरी केलंय. पण कधी? गाडीला हेरंबचं बोटसुद्धा लागलं नव्हतं. शामरावांचं नाही, आणि शिवा बसला तोही याच्या देखतच. पहाऱ्यावर तो स्वतः होता. संशय घ्यायला त्यानं कुणालाच शिल्लक ठेवलं नव्हतं. आणि मग त्याची पाचावर धारण बसली. दर गणपतीला, दर शिमग्याला त्यानं स्वतः माणसं कोंबून, स्वतः टपावर ओझी रचून ही गाडी घाटाकडे रवाना केली होती. दिवा तपासला होता, ब्रेक तपासला होता. आणि हे दार तो नेहमी रिकाम्या गाडीत उघडून बघत आला होता.

"बाबा," नलू हळूच म्हणाली, "माका घुसमटता."

"पुढचा दार उघड रे!" धोंडू ओरडला.

माणसं उतरली. फाटकातला टायर त्यानं स्वतः उचलून भिंतीला लावला. "बघा, मी म्हटलं नव्हतं" एवढंसुद्धा हेरंब म्हणाला नाही, आणि त्याबद्दल धोंडूला तो पहिल्यांदा बरा वाटला. टपावरचं सामान उतरवून झाल्यावर धोंडूनं आपली सतरंजी घेतली आणि गाडीत जाऊन मागच्या बाकावर बसला.

"आता काय राहिलं?" शामरावांनी विचारलं.

"गाडी जाऊ दे, शेठ. पण मी हिच्याबरोबर जाणार."

"अरे, पोरीचं लग्न सोडून?"

"साचे गेले तेव्हा मी रस्ता करून दिला. त्यांच्याबरोबर कोण गेलं नाय. कुणीतरी ट्रकात बसून जायला पाहिजे होतं." धोंडूनं खिडकीबाहेर बघितलं. "ही परत येईल तेव्हाच मी येईन."

रखमा हे ऐकून कपाळ बडवून घेणार होती. पण तिनं नवऱ्याचं तोंड बघितलं आणि सकाळचा डबा खिडकीतून तसाच आत दिला.

कारखान्यात तो सगळ्यांना नकोसा झाला. वेल्डरच्या मागे उभा राहून तो विचारी, "ही पट्टी नवी की जुनी?" नवं कुलूप आलं तर ते हातात घेऊन उजेडात फिरवून बघे. एक दिवस वेल्डर आला नाही, मग दोन दिवस एक सुटा भाग आला नाही, आणि धोंडूच्या मनात पुन्हा पाल चुकचुकली. लग्न दाराशी आलं होतं. शेडच्या टोकाला ताडपत्री घातलेल्या काही गाड्या उभ्या होत्या, त्यांच्याकडे बघवत नसे. त्याच्या मनात यायचं की आपण मूर्ख आहोत, आता गाडीही गेली आणि लेकीचं लग्नही आपल्यावाचून होणार. हेरंब चहा घेऊन येई तेव्हा धोंडू आधी पेल्याकडे बघे, मग हेरंबकडे, आणि मग पिई.

शेवटी चौकटीखाली जाड लोखंडी आडवी पट्टी बसली, दार कापून नव्यानं बसवलं गेलं. जेवणाच्या सुट्टीत धोंडूनं सगळ्या कामगारांना हाताला धरून गाडीत बसवलं आणि मधल्या वाटेत, टपावर वाळूची पोती रचली. दार उघडलं. त्यानं ते पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं, आणि कामगारांचे डबे गार होईपर्यंत हेच चाललं.

वऱ्हाड निघायचं त्याच सकाळी पांढरी गाडी लालबागच्या गल्लीत शिरली. शिवानं गल्लीच्या तोंडापासून भोंगा धरून ठेवला होता. धोंडू पायरीवर उभा होता, दाढी वाढलेली, सदरा ग्रीसनं माखलेला. चाळीच्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या. पोती खाली आणून ठेवलेली होती, पण एसटीची चौकशी करायला गेलेला माणूसही नुकताच परतला होता. चाळीनं दोन्हीकडची तयारी ठेवली होती. रखमा भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन खाली आली. लांबून आलेल्या माणसावरून ओवाळून टाकावा तसा तिनं तो तुकडा आधी गाडीवरून ओवाळला आणि मग नवऱ्यावरून.

"आता बसा रे सगळी," धोंडू म्हणाला. "सामान पण वर चढवा."

"अरे, तिकडे बघून आलास ना?" वऱ्हाडाला निरोप द्यायला आलेले शामराव म्हणाले.

"तिकडचं तिकडे. माझ्यासमोर, माझ्या माणसांनी बघायचं."

पुन्हा चाळ भरली, पोती चढली, पुढचं दार लागलं. या वेळी कुणी हसत नव्हतं. धोंडू आत गेला नाही. तो बाहेर, लाल अक्षरांच्या खाली, जुन्या कुंकवाच्या बोटांशेजारी उभा राहिला आणि ओरडला, "नलू, तू उघड!"

आत बांगड्या वाजल्या. दार एका दमात उघडलं आणि नलू वरून बापाकडे बघून हसली. धोंडूनं दोन्ही हात वर केले आणि तिला खाली उतरवून घेतलं. मग मागची माणसं, म्हातारे, पोरं, एकेक करून त्या दारातून त्याच्या हातात येऊ लागली, आणि तो प्रत्येकाला धरून जमिनीवर ठेवू लागला. कुणाला थांबायला सांगायचं त्याला सुचलंच नाही. सगळ्यांत शेवटी रखमा उतरली. तिनं त्याच्या खांद्यावर हात टेकला आणि त्याचा चेहरा बघून दचकली.

"रडतास कित्याक? उघडला मा दार?"

"दाराक नाय गो," धोंडू म्हणाला आणि ग्रीसच्या हातानंच त्यानं डोळे पुसले. "दुरुस्तीक गेल्ली... ती परत इली."